नैराश्यात जनुके किती, परिस्थिती किती? आधी हिशेबाची रीत तपासायला हवी

नवी दिल्ली : जानेवारी २०२५ मध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे १० हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले होते. ती माहिती ९ जानेवारीला संशोधकांसाठी खुली करण्यात आली. त्याच महिन्यात ‘सेल’ या शोधपत्रिकेत नैराश्यविकाराच्या आनुवंशिकतेवरील तोपर्यंतचा सर्वांत मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतील ६ लाख ८८ हजारांहून अधिक रुग्णांची तुलना ४० लाखांहून अधिक इतर व्यक्तींशी करून नैराश्याशी संबंध दाखवणारे ६९७ जनुकीय फरक त्यात नोंदवले गेले.

या दोन्ही घटनांमुळे एक जुना प्रश्न भारतातही नव्या साधनांनी विचारला जाणार, हे उघड आहे. एकाच गावात पाऊस सर्वांना सारखाच दगा देतो, कर्जाचा बोजाही साधारण सारखाच असतो. तरी एखादा माणूस महिनोन्महिने कशातच लक्ष घालू शकत नाही आणि त्याचा शेजारी पुढच्या पेरणीच्या तयारीला लागतो. असे का होते? ‘काहींच्या जनुकांतच ताण सोसण्याची क्षमता कमी असते’ हे उत्तर सोपे आहे आणि ऐकायला शास्त्रीयही वाटते. मात्र या उत्तराचा गेल्या दोन दशकांतील प्रवास पाहिला तर त्यावर विसंबणे कठीण होते. त्या प्रवासातील बहुतेक चुका प्रयोगशाळेतल्या नव्हत्या, हिशेबाच्या होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार शेतीशी संबंधित ११,२९० व्यक्तींनी आत्महत्या केली आणि त्यांतील ३७ टक्क्यांहून अधिक महाराष्ट्रातील होत्या. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यविकारच असतो असे नाही. तरीही ज्या राज्यात हा प्रश्न इतका तीव्र आहे, तेथे ‘दोष जनुकांचा’ असे चुकीच्या हिशेबावर आधारलेले विधान कोणाच्या सोयीचे ठरेल, हे सांगण्याची गरज नाही.

ड्युनेडिनचे ८४७ तरुण

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा लहानपणापासून सुरू आहे. त्यातील ८४७ जणांविषयीचा एक शोधनिबंध अवशालोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाची ने-आण करणाऱ्या प्रथिनाचे एक जनुक आहे. त्याच्या आरंभीचा एक भाग काही माणसांत आखूड, तर काहींत लांब असतो. आईकडून एक व वडिलांकडून एक, अशा त्याच्या दोन प्रती प्रत्येकाला मिळतात. संशोधकांनी प्रत्येकाच्या प्रती तपासल्या. २१ ते २६ या वयात नोकरी, पैसा, घर, आरोग्य आणि नातेसंबंध यांतील १४ प्रकारच्या आघातांपैकी किती वाट्याला आले, याचीही त्यांनी नोंद घेतली. चार किंवा अधिक आघात सोसलेल्यांमध्ये किमान एक आखूड प्रत असणाऱ्यांपैकी ३३ टक्के जणांना नैराश्याने गाठले होते. दोन्ही प्रती लांब असणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. ज्यांच्यावर आघातच झाले नव्हते, त्यांच्यात जनुकाने फरक पडत नव्हता.

संख्याशास्त्रात याला जनुक व परिस्थिती यांची आंतरक्रिया म्हणतात. म्हणजे जनुकाचा परिणाम परिस्थितीनुसार बदलतो किंवा, तेच उलट बाजूने, परिस्थितीचा परिणाम जनुकानुसार बदलतो. ‘निसर्ग की संगोपन’ हा जुना वाद यामुळे मिटला, असे तेव्हा अनेकांना वाटले. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा निष्कर्ष गेला, वृत्तपत्रांत त्याच्या बातम्या झाल्या आणि त्या धर्तीवरील संशोधनाची रांग लागली.

या निष्कर्षाखाली किती माणसे उभी होती, हे मात्र फार थोड्यांनी मोजले. ८४७ पैकी दोन्ही प्रती लांब असणारे २६५ होते. चार किंवा अधिक आघात सोसलेल्यांचे एकूण प्रमाण सुमारे १५ टक्के. या दोन्हींचा ढोबळ गुणाकार केला तर ‘लांब प्रती आणि भरपूर आघात’ या चौकटीत ४० च्या आसपास माणसे येतात. त्यांचे १७ टक्के म्हणजे सात जण. आणखी तिघे आजारी पडले असते तर १७ चे २५ टक्के झाले असते आणि जगभर गाजलेला फरक निम्म्यावर आला असता. निबंधकारांनी काही लपवले होते असा याचा अर्थ नव्हे. आकडे निबंधातच होते. शिवाय निबंधाची मुख्य चाचणी सर्व ८४७ जणांवरची होती. वाचकांच्या लक्षात राहिली ती मात्र या एका चौकटीची टक्केवारी.

आंतरक्रिया शोधण्यासाठी मोठा नमुना का लागतो, हे साध्या उदाहरणाने समजते. ४०० माणसे घ्या. त्यांतील निम्म्यांकडे विशिष्ट जनुक आहे, निम्म्यांवर आघात झालेला आहे. केवळ जनुकाचा परिणाम पाहायचा असेल तर २०० विरुद्ध २०० अशी तुलना होते. आंतरक्रिया पाहायची असेल तर १००-१०० जणांच्या चार चौकटी पडतात आणि दोन फरकांमधला फरक काढावा लागतो. त्यामुळे अनिश्चितता दुप्पट होते. तेवढ्याच आकाराचा परिणाम तितक्याच खात्रीने दाखवण्यासाठी नमुनाही चौपट लागतो. आंतरक्रिया मूळ परिणामाच्या निम्मीच असेल, आणि बहुधा ती लहानच असते, तर सोळापट. चौकटी असमान असतील तर आणखी जास्त. नैराश्याशी जोडलेल्या प्रत्येक जनुकीय फरकाचा स्वतःचा परिणामच अतिशय बारीक आहे, हे आज ठाऊक आहे. त्या काळातले काही शे माणसांचे अभ्यास ज्या गोष्टीचा शोध घेत होते, ती त्यांच्या चाळणीत सापडणे जवळजवळ अशक्य होते.

आणि तरी ती सापडत होती. कशी, याचे उत्तर लारामी डंकन आणि मॅथ्यू केलर यांनी २०११ मध्ये दिले. मनोविकारांतील जनुक-परिस्थिती आंतरक्रियेवर २००० ते २००९ या दशकात प्रसिद्ध झालेले १०३ अभ्यास त्यांनी तपासले. प्रथमच मांडल्या गेलेल्या दाव्यांपैकी ९६ टक्के ‘यशस्वी’ होते; तेच दावे पुन्हा पडताळून पाहणाऱ्या प्रयत्नांपैकी जेमतेम २७ टक्के. नकारार्थी निष्कर्ष छापले जात नव्हते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. आखूड प्रत एक असली तरी पुरे, की दोन हव्यात, की प्रत्येकीचा परिणाम वेगळा धरायचा? आघात एकूण मोजायचे, की बालपणीचे, की नात्यांतले, की आर्थिक? निष्कर्ष सर्वांचा, की फक्त स्त्रियांचा, की फक्त पुरुषांचा? तीन गुणिले चार गुणिले तीन, म्हणजे ३६ वाटा झाल्या. काहीच खरे नसतानाही पाच टक्क्यांच्या प्रचलित कसोटीवर त्यांतील एकदोन वाटा योगायोगाने ‘अर्थपूर्ण’ ठरतील. निबंधात त्याच एका वाटेचे वर्णन येते, उरलेल्या पस्तीस वाटा संशोधकाच्या संगणकातच राहतात. यात लबाडी असेलच असे नाही. प्रामाणिक माणूसही आपल्याला पटणाऱ्या वाटेनेच जातो.

मूळ दाव्याची पुढची कथा थोडक्यात अशी. नील रिश व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १४ अभ्यासांतील १४,२५० जणांची माहिती एकत्र केली आणि जनुकाचा किंवा आंतरक्रियेचा पुरावा सापडला नाही असे सांगितले. २०११ मध्ये काटजा कार्ग व सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास घेऊन उलट निष्कर्ष काढला. दोन्ही गट प्रामाणिक होते. फरक रीतीचा होता. रिश गटाने आघातांची मिळतीजुळती व्याख्या असलेलेच अभ्यास घेतले होते. कार्ग गटाने व्याख्या सैल ठेवली आणि प्रत्येक अभ्यासाच्या संभाव्यता-मूल्यांची गोळाबेरीज केली. छापले गेलेलेच अभ्यास मुळात निवडक असतील तर अशा बेरजेत तो कल साचत जातो. अखेर २०१८ मध्ये रॉबर्ट कल्व्हरहाउस यांच्या पुढाकाराने ३१ संचांतील ३८,८०२ जणांच्या कच्च्या माहितीचे एकाच रीतीने विश्लेषण झाले आणि दाव्याला आधार मिळाला नाही. पुढच्याच वर्षी रिचर्ड बॉर्डर, केलर व सहकाऱ्यांनी नैराश्यासाठी वर्षानुवर्षे चर्चेत असलेली १८ जनुके ६२ हजार ते ४ लाख ४३ हजार व्यक्तींच्या नमुन्यांवर तपासली. या १८ जनुकांचा संबंध यादृच्छिकपणे उचललेल्या इतर जनुकांपेक्षा अधिक नव्हता.

या सगळ्या पडझडीत एक गोष्ट मात्र टिकून राहिली. रिश यांच्या त्याच २००९ च्या विश्लेषणात आयुष्यातील आघातांचा नैराश्याशी संबंध ठळकपणे दिसत होता. जनुकाविषयीचे विधान मागे पडले. नोकरी जाणे, घर सुटणे, माणूस गमावणे यांविषयीचे राहिले. त्याची बातमी फारशी झाली नाही.

बेरीज की गुणाकार

नमुना मोठा केला आणि निवडक छपाई थांबवली की प्रश्न सुटेल, असे यावरून वाटू शकते. पण आंतरक्रिया ‘आहे’ की ‘नाही’ हे काही वेळा नमुन्यावर नव्हे, मोजपट्टीवर ठरते. ही बाब संशोधनाच्या बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही, म्हणून ती येथे सविस्तर मांडणे योग्य होईल.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात केनेथ केंडलर यांनी जुळ्या बहिणींचा दीर्घ अभ्यास केला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात २,१६४ स्त्रिया होत्या. येथे कोणतेही जनुक तपासलेले नव्हते; एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीला नैराश्य आले आहे का, यावरून दुसरीची आनुवंशिक जोखीम ठरवली होती. सर्वांत कमी जोखमीच्या गटात, गंभीर आघात झाला नसेल तर त्या महिन्यात नैराश्य सुरू होण्याची शक्यता ०.५ टक्के होती. आघात झाल्यास ६.२ टक्के. सर्वांत जास्त जोखमीच्या गटात हेच आकडे १.१ आणि १४.६ टक्के होते.

आता हे चार आकडे दोन प्रकारे वाचून पाहावेत. गुणाकाराच्या भाषेत कमी जोखमीच्या स्त्रीची शक्यता आघाताने १२ पटींहून थोडी अधिक वाढते आणि जास्त जोखमीच्या स्त्रीची १३ पटींहून थोडी अधिक. पट जवळपास सारखीच आहे. म्हणजे आंतरक्रिया नाही म्हटले तरी चालेल. बेरजेच्या भाषेत मात्र पहिलीच्या शक्यतेत ५.७ टक्क्यांची भर पडते, तर दुसरीच्या शक्यतेत १३.५ टक्क्यांची. म्हणजे दर हजार स्त्रियांमागे एका गटात ५७ आणि दुसऱ्या गटात १३५ जास्तीच्या रुग्ण. या भाषेत आंतरक्रिया चांगलीच मोठी आहे. आकडे तेच, स्त्रिया त्याच. एका रीतीने उत्तर ‘नाही’ येते, दुसरीने ‘हो’.

सर्वत्र वापरली जाणारी लॉजिस्टिक रिग्रेशन ही पद्धत गुणाकाराच्या बाजूची आहे. संगणकात माहिती भरली, जनुक आणि आघात यांच्या गुणाकाराचे पद जोडले की तिने दिलेले उत्तर ‘पटी’च्या भाषेतले असते. अनेक निबंधांत हे स्पष्ट म्हटलेले नसते आणि वाचणारा त्याचा अर्थ जीवशास्त्रीय यंत्रणा असा लावतो. सार्वजनिक आरोग्याचा विचार करणाऱ्याला मात्र बहुधा बेरीज उपयोगी पडते. एखाद्या जिल्ह्यात समुपदेशक मोजकेच असतील आणि त्यांना कोठे पाठवावे हा प्रश्न असेल, तर किती पट वाढ झाली यापेक्षा किती माणसे अधिक आजारी पडणार हे जाणून घेणे महत्त्वाचे. त्यामुळे दोन्ही मोजपट्ट्यांवरील उत्तरे एकत्र छापावीत, ही रोगपरिस्थितीविज्ञानातील अनेकांची मागणी रास्त आहे. ती अजूनही सर्रास पाळली जात नाही.

आघात मोजायचा कसा

जनुकांचे वाचन दरवर्षी स्वस्त व अचूक होत आहे. आघातांचे मोजमाप जवळपास तेथेच आहे, आणि आंतरक्रियेच्या हिशेबातली कच्ची बाजू आता तीच आहे.

मोठ्या नमुन्यात मुलाखती परवडत नाहीत, म्हणून प्रश्नावली दिली जाते: ‘लहानपणी तुम्हाला मारहाण झाली का?’ जेसी बॉल्डविन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १६ अभ्यासांतील २५ हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी पडताळल्या. ज्यांच्या छळाची बालपणीच नोंद झाली होती, त्यांतील ५२ टक्के जणांनी मोठेपणी तो सांगितला नाही. ज्यांनी मोठेपणी सांगितला, त्यांतील ५६ टक्के जणांच्या बालपणीच्या नोंदींत तो नव्हता. दोघांपैकी कोणती नोंद ‘खरी’, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी या दोन नोंदी एकाच गोष्टीच्या नाहीत, एवढे निश्चित. शिवाय नैराश्यात असलेल्या माणसाला दुःखाचेच प्रसंग जास्त आठवतात. मग नैराश्याने आठवण बदलली की आठवणीतील घटनेने नैराश्य आणले, हे एकाच दिवशी भरलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही. ब्रिटनमधील यूके बायोबँकेच्या माहितीवरून २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात आघात सांगणाऱ्यांमध्ये नैराश्याची जनुकीय आनुवंशिकता न सांगणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसली. निष्कर्ष लक्षवेधी आहे, पण आघातांची माहिती तेथेही मागाहून विचारलेली होती.

दुसरी अडचण अशी की आघात आणि जनुके एकमेकांपासून सुटी नसतात. भांडण, घटस्फोट, नोकरी सोडणे यांत माणसाच्या स्वभावाचा वाटा असतो आणि स्वभावात आनुवंशिकतेचा. केंडलर यांच्याच जुळ्यांच्या अभ्यासात नैराश्याची आनुवंशिक जोखीम असलेल्या स्त्रियांच्या वाट्याला काही प्रकारचे आघात अधिक येतात, असे दिसले होते. अशा वेळी हिशेबात ‘परिस्थिती’ म्हणून जे घातले आहे, त्यात जनुकेही शिरलेली असतात.

या दोन्ही अडचणींवर मिशिगन विद्यापीठातील सृजन सेन यांच्या गटाने शोधलेला मार्ग आवर्जून सांगण्याजोगा आहे. वैद्यकीय पदवी घेऊन रुग्णालयात पहिल्या वर्षाची नोकरी सुरू करणाऱ्या डॉक्टरांचे जीवन एका ठरलेल्या तारखेपासून कष्टाचे होते. ही तारीख कोणाच्या जनुकांवर ठरत नाही. त्यांची मनःस्थिती आधी नोंदवता येते, नंतरही नोंदवता येते. स्मरणावर विसंबावे लागत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ५,२२७ डॉक्टर होते. येथे एकाच जनुकाऐवजी हजारो फरकांची बेरीज करून काढलेला ‘बहुजनुकीय गुणांक’ वापरला होता. नोकरीपूर्वी या गुणांकाचा नैराश्याच्या लक्षणांशी असलेला संबंध फिका होता. ताणाच्या वर्षात तो अधिक ठळक झाला. याआधी अशाच गुणांकावर बालपणीच्या आघातांचे तीन प्रयत्न झाले होते: २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये आंतरक्रिया दिसली, २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ती उलट दिशेने दिसली आणि २०१८ मध्ये ५,७६५ जणांच्या एकत्रित माहितीत ती दिसलीच नाही. डॉक्टरांच्या अभ्यासात गुणांक त्याच प्रकारचा होता. मोजणीचा आराखडा बदलला होता.

भारतात अडचण वेगळी

भारताच्या बाबतीत एक मुद्दा युरोपपेक्षा कितीतरी जड आहे, तो म्हणजे जात. हैदराबादचे पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे या उपखंडातील समूहांची सरमिसळ सुमारे १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत होत होती. त्यानंतर बेटीव्यवहार समूहाच्या आत आटला. परिणामी अनेक जनुकीय फरकांचे प्रमाण जातीजातींत वेगळे आढळते. त्यांतील बहुतेक फरकांचा मनाच्या आरोग्याशी काहीएक संबंध नाही. पण जमीन, पाणी, शिक्षण, कर्ज, अपमान यांचे वाटपही जातीनुसारच झालेले आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तालुक्यात दोन समाज आहेत. एकाकडे ओलिताची जमीन आहे, दुसऱ्याकडे कोरडवाहू. एखादा निरुपद्रवी जनुकीय फरक पहिल्यात २० टक्के, दुसऱ्यात ४० टक्के लोकांत आहे. दुष्काळ पडतो. कोरडवाहू समाजाचे हाल अधिक होतात, तेथे नैराश्यही अधिक वाढते. संगणकाला जाती दिसत नाहीत. त्याला दिसते ते असे की हा फरक असणाऱ्यांवर दुष्काळाचा परिणाम जास्त झाला. आंतरक्रिया सिद्ध! प्रत्यक्षात त्या फरकाने काहीच केलेले नाही. विहिरीच्या मालकीचा इतिहास जनुकाच्या नावावर चढला आहे.

वंशभेदाची दुरुस्ती करण्याची प्रचलित रीत येथे पुरत नाही. ती जनुकाच्या सरळ परिणामासाठी पुरते, आंतरक्रियेसाठी नाही. केलर यांनी २०१४ मध्ये या चुकीवर बोट ठेवले होते. समूह, उत्पन्न, लिंग असे जे घटक हिशेबात घेतले जातात, त्यांची जनुकाशी आणि आघाताशी होणारी आंतरक्रियाही स्वतंत्रपणे घालावी लागते. तपासलेल्यांपैकी बहुसंख्य निबंधांत ती घातलेली नव्हती. भारतात ती न घालणे म्हणजे सामाजिक विषमतेला जैविक दुबळेपणाचे प्रमाणपत्र देण्यासारखे होईल.

सर्वांत खात्रीची वाट भावंडांच्या तुलनेची आहे. सख्ख्या भावंडांचे घर, गाव, जात एकच. आईवडिलांच्या जनुकांतून कोणाच्या वाट्याला काय आले, हे मात्र चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. भावंडांचे मोठे अभ्यास आपल्याकडे उभे करणे अवघड नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून परिसरातील खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या मुलांचा चालवलेला पाठपुरावा दाखवतो की दशकानुदशके कुटुंबांशी संपर्क ठेवणे येथे शक्य आहे. त्या अभ्यासाचा विषय पोषण आणि मधुमेह आहे, नैराश्य नव्हे. पण चिकाटी तीच लागते.

‘जीनोम इंडिया’ची माहिती या कामाचा पाया होऊ शकते, उत्तर देऊ शकत नाही. देशातील ऐंशीहून अधिक समूहांतील जनुकीय वैविध्याची नोंद करणे हे तिचे उद्दिष्ट होते आणि ते मोलाचे आहे. आंतरक्रियेसाठी लागणारी दुसरी बाजू, म्हणजे कोणावर केव्हा काय कोसळले, ती वेगळी गोळा करावी लागेल. मनाच्या आरोग्याची देशव्यापी माहितीही तुटपुंजी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

परदेशी गुणांक उसने आणून हे अंतर भरता येत नाही. जगभरातील जनुकीय अभ्यासांतील सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे असल्याचे २०१९ मध्ये मोजले गेले होते आणि त्यांच्यावरून काढलेले गुणांक दक्षिण आशियाई लोकांत कमी अचूक ठरतात. ‘सेल’मधील नव्या अभ्यासात जवळपास एक चतुर्थांश सहभागी युरोपीय वंशाबाहेरचे होते, ही सुधारणा आहे. तरीही त्यातील सर्वोत्तम गुणांक युरोपीय लोकांतसुद्धा नैराश्याच्या प्रवृत्तीतील सहा टक्क्यांहून कमी फरक स्पष्ट करतो. संशोधनात समूहांची तुलना करायला एवढे पुरते; एका माणसाला त्याचे भविष्य सांगायला पुरत नाही. असे असताना नैराश्याचा ‘जनुकीय कल’ सांगणारे अहवाल खासगी चाचण्यांतून विकले जातात आणि औषध निवडण्यासाठीच्या काही चाचण्यांच्या यादीत सेरोटोनिनच्या वहनाचे ते जनुक आजही आहे. ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी एवढेच विचारावे की हा कल कोणत्या लोकांच्या, किती मोठ्या नमुन्यावर तपासला आहे.

आघात कमी केले किंवा आघातानंतर मदत पोहोचवली तर काय होते, याचा पुरावा मात्र जनुकांची वाट न पाहता जमा झालेला आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत दिल्यानंतर आत्महत्यांत सुमारे १८ टक्के घट झाल्याचे २०१९ च्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात दिसले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षित केलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी थोड्याच बैठकींत संवाद साधला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काम केल्यानंतर नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. या कोणत्याही ठिकाणी कोणाचा जनुकसंच तपासलेला नव्हता. शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवाही १४४१६ या क्रमांकावर कोणालाही मोफत उपलब्ध आहे.

म्हणून जनुकांचे संशोधन थांबवावे असे नव्हे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार नैराश्याची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के आहे. हा वाटा लहान नाही आणि त्यातून नव्या औषधांच्या दिशा सापडू शकतात. प्रश्न माहिती कोणत्या अटींवर वापरली जाते, हा आहे. ‘जीनोम इंडिया’ची माहिती मागणाऱ्या संशोधकाला आपला उद्देश सांगून परवानगी घ्यावी लागते. आंतरक्रियेचा दावा करू पाहणाऱ्याकडून त्याच वेळी आणखी तीन गोष्टी लेखी घेता येतील: आघाताची व्याख्या काय, बेरीज आणि गुणाकार या दोन्ही मोजपट्ट्यांवरील उत्तर छापणार का, आणि समूहाची आंतरक्रिया हिशेबात कशी घालणार. माहिती हाती येण्यापूर्वी विश्लेषणाचा आराखडा जाहीर करणे ही काही अवास्तव अपेक्षा नाही. कल्व्हरहाउस यांच्या गटाने तो २०१३ मध्ये, निष्कर्षाच्या पाच वर्षे आधी, छापून ठेवला होता.